लाकडी इमारतींचे तिसावे वर्ष

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल शहरात २२ एप्रिल २०१३ रोजी, वसुंधरा दिनाचा मुहूर्त साधून, बुलिट सेंटर या सहामजली कार्यालयीन इमारतीचे उद्घाटन झाले. तिचे खालचे दोन मजले काँक्रीटचे असले, तरी वरचे चार मजले लाकडी खांब आणि तुळया यांवर उभे आहेत. १९७० मधील पहिल्या वसुंधरा दिनाचे संयोजक डेनिस हेज हेच या उपक्रमाचे प्रवर्तक. छपरावरील सौर पट्ट्यांनी सुरुवातीच्या काळातच इमारतीच्या गरजेपेक्षा अधिक वीज निर्माण करून दाखविली, तेव्हा तिची कीर्ती जगभर पसरली. परंतु जाणकारांचे लक्ष वेधले ते तिच्या खिडक्यांनी. बाहेरचे तापमान, वारा आणि पाऊस यांची मोजणी सतत चालू असते व तिच्या आधारे या खिडक्या आपोआप उघडतात आणि मिटतात. उन्हाळ्यातील रात्री त्या उघड्या राहतात, थंड हवा आत घेतात आणि दिवसा साठलेली उष्णता बाहेर घालवितात. यंत्राने थंडावा निर्माण करण्याची गरज त्यामुळे फार थोडी उरते. ही इमारत अडीचशे वर्षे टिकावी अशा हेतूने तिची आखणी झाली आहे, असे तिच्या कर्त्यांचे म्हणणे आहे. या साऱ्या वैशिष्ट्यांत सर्वांत महत्त्वाचे कोणते, असा प्रश्न केला, तर उत्तर हे शेवटचेच द्यावे लागेल. आणि दुर्दैवाने चर्चा सर्वांत कमी होते ती त्याचीच.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत लाकडी इमारतींनी उंचीच्या बाबतीत जी मजल मारली आहे, ती विस्मयकारक आहे. लाकडाच्या फळ्यांचे थर एकावर एक, आलटून पालटून उभे-आडवे चिकटवून भिंतीएवढे भक्कम तक्ते तयार करण्याचे तंत्र १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनी येथे विकसित झाले. २००९ मध्ये लंडनच्या मरे ग्रोव्ह येथे या तंत्राने २९ घरांची नऊमजली इमारत उभी राहिली. २०१७ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरच्या विद्यापीठात अठरामजली विद्यार्थी-वसतिगृह झाले; त्याचा लाकडी सांगाडा सत्तर दिवसांच्या आत उभारला गेला. २०१९ मध्ये नॉर्वेत ८५ मीटर उंचीचा लाकडी मनोरा झाला. २०२१ मध्ये स्वीडनच्या उत्तरेकडील शेलेफ्टिओ या गावी वीस मजल्यांचे सांस्कृतिक केंद्र व हॉटेल उघडले. २०२२ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहराने पंचवीस मजल्यांची इमारत बांधून हे सारे उच्चांक मागे टाकले. तत्पूर्वीच अमेरिकेतील आदर्श बांधकाम-संहितेच्या २०२१ च्या आवृत्तीत अठरा मजल्यांपर्यंतच्या लाकडी बांधकामाला स्थान मिळाले होते. एकेकाळी हौशी वास्तुशिल्पींचा विषय मानला गेलेला हा प्रकार आता नगरपालिकांच्या, विमा कंपन्यांच्या आणि सरकारांच्या टेबलांवर येऊन पोहोचला आहे.

यामागची कारणे उघड आहेत. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के उत्सर्जन एकट्या सिमेंटमुळे होते. इमारती बांधणे आणि त्या वापरणे या दोहोंचा हिशेब एकत्र केला, तर ऊर्जा आणि उद्योग यांपासून होणाऱ्या उत्सर्जनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग त्यात येतो. झाड वाढताना हवेतील कार्बन शोषून घेते आणि लाकूड टिकते तोवर तो त्यात बंदिस्त राहतो. एक घनमीटर लाकडात ढोबळ मानाने पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. शिवाय लाकडी भाग कारखान्यात मिलिमीटरच्या अचूकतेने कापता येतात. जागेवर ते नुसते जोडावयाचे असल्यामुळे धूळ, गोंगाट आणि वेळ या तिन्हींची बचत होते. डेन्मार्कने २०२३ पासून मोठ्या नव्या इमारतींना कार्बनची कमाल मर्यादा घालून दिली. फ्रान्सच्या २०२२ च्या नियमांतही बांधकाम-साहित्याच्या उत्सर्जनाचा हिशेब सक्तीचा झाला. अशा नियमांमुळे लाकडाकडे वळण्याचा ओघ वाढला, यात नवल नाही.

आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांची कल्पना या लाकडी इमारतींना जोडून येते, ती केवळ योगायोगाने नव्हे. बांधताना वाचविलेला कार्बन पुढची पन्नास वर्षे वातानुकूलन यंत्रांत खर्च व्हावयाचा असेल, तर त्या बचतीला फारसा अर्थ राहत नाही. म्हणून वाऱ्याचा दाब आणि गरम हवेची वर जाण्याची प्रवृत्ती या दोन नैसर्गिक शक्तींना राबवावयाचे, असा विचार पुढे आला. उंचावरच्या झरोक्यातून गरम हवा बाहेर जाते, खालच्या खिडकीतून थंड हवा आत येते. हे तत्त्व जुन्या वाड्यांना ठाऊक होतेच. नवे एवढेच की खिडकी केव्हा आणि किती उघडावी, याचा निर्णय आता तापमान, पाऊस आणि खोलीतील कार्बन डायऑक्साइड मोजणारी उपकरणे करतात आणि लहानशी विजेची मोटर तो अमलात आणते. ब्रिटिश शाळांसाठी २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक नियमांत नैसर्गिक वायुवीजनाच्या वर्गांत या वायूचे दिवसाचे सरासरी प्रमाण दशलक्ष भागांत दीड हजारांहून कमी असावे, असे सांगितले आहे. बाहेरच्या हवेत ते प्रमाण सव्वाचारशेच्या आसपास असते. २०२० च्या महासाथीने कोंदट खोलीचा अर्थ सामान्य माणसालाही कळला, आणि २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने शाळांना हा वायू मोजणारी लाखो उपकरणे पुरविली.

इथवर सारे ठीक आहे. प्रश्न निर्माण होतो तो यापुढे. लाकडी इमारतीच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात, ते बहुतेक तिच्या पहिल्या दिवसाचे असतात: ती किती दिवसांत उभी राहिली, तिच्यात किती टन कार्बन साठला, तिच्या खिडक्या किती हुशार आहेत. वास्तविक यांतील प्रत्येक युक्तिवाद खरा ठरणे किंवा न ठरणे हे तिच्या तिसाव्या वर्षावर अवलंबून आहे. इमारत चाळीस वर्षांत पाडली आणि तिचे लाकूड जाळले किंवा कुजू दिले, तर साठलेला कार्बन हवेत परत जातो. ज्या जंगलातून लाकूड आणले ते तेवढ्या अवधीत पुन्हा उभे राहिले नसेल, तर हिशेब तोट्याचाच होतो. म्हणजेच लाकडी इमारतीचा पर्यावरणीय लाभ हा एका अटीवर मिळालेला लाभ आहे, आणि ती अट म्हणजे दीर्घायुष्य. दीर्घायुष्य हे आराखड्यात लिहून मिळत नाही. ते निगराणीने आणि डागडुजीने मिळवावे लागते.

कारखान्यात बनविलेल्या इमारतींचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे, आणि तो सर्वांत ठळकपणे ब्रिटनमध्ये वाचावयास मिळतो. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेल्यांसाठी १९४४ च्या कायद्यानुसार तेथे सुमारे १ लाख ५६ हजार तयार घरे उभारण्यात आली. ती दहा-पंधरा वर्षांपुरतीच होती. प्रत्यक्षात त्यांतील कित्येक घरे पन्नास-साठ वर्षे नांदती राहिली, कारण तेथील रहिवाशांनी त्यांना आपले मानले, रंग दिला, छपरे सांभाळली. याउलट लंडनच्या पूर्व भागातील रोनन पॉइंट ही बावीसमजली इमारत पाहावी. काँक्रीटचे तयार तक्ते जोडून ती उभारली होती. लोक राहावयास येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तोच १६ मे १९६८ रोजी एका घरात गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा संपूर्ण कोपरा पत्त्यांसारखा कोसळला. चार माणसे मेली. पुढे १९८६ मध्ये ती उतरविताना असे आढळले की, तक्त्यांमधील सांधे नीट भरलेलेच नव्हते. तयार भागांच्या इमारतीचे बळ भागांत नसते, सांध्यांत असते. आणि सांधा हा कारखान्यात नव्हे, तर जागेवर, घाईत, पावसात भरला जातो.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. युद्धोत्तर दशकांत हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या फळ्या ब्रिटनमधील शाळा व रुग्णालये यांच्या छपरांसाठी सर्रास वापरल्या गेल्या. त्या स्वस्त होत्या, झटपट बसत होत्या आणि त्यांचे आयुष्य सुमारे तीस वर्षांचे मानले जात होते. तीस वर्षे उलटली, तरी त्या बदलण्याची तरतूद कोणी केली नाही. २०१८ मध्ये केंट परगण्यातील एका प्राथमिक शाळेचे छत सुट्टीच्या दिवशी कोसळले, म्हणून अनर्थ टळला. तरीही आणखी पाच वर्षे गेली. अखेर ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, नवे सत्र सुरू होण्याच्या तोंडावर, शंभराहून अधिक शाळांना आपल्या इमारती किंवा त्यांचे भाग बंद करण्याचा आदेश निघाला. मुलांना तंबूत आणि तात्पुरत्या खोल्यांत बसविण्याची पाळी आली. झटपट बांधकामाचे श्रेय एका पिढीने घेतले आणि त्याचे बिल दुसऱ्या पिढीच्या हाती पडले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

लाकूड या नियमाला अपवाद आहे असे मानण्याचे कारण नाही. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या विद्यापीठात बांधकाम चालू असताना थरांच्या लाकडाचा एक मोठा तक्ता उसवून खाली पडला. गोंद वेळेआधी सुकल्यामुळे थर एकजीव झाले नव्हते, असे तपासात निष्पन्न झाले. लाकडाचा खरा शत्रू पाणी. छपरातून झिरपणारे, नळातून ठिबकणारे किंवा कोंदट खोलीत भिंतीवर साचणारे पाणी दिसत नाही आणि आतून लाकूड कुजवीत राहते. येथेच खिडकीचा आणि लाकडाचा संबंध स्पष्ट होतो. वारा खेळता राहिला, तर लाकूड कोरडे राहते. खिडकीची मोटर बंद पडली आणि ती कोणी दुरुस्त केली नाही, तर नुकसान केवळ गुदमरणाऱ्या माणसांचे होत नाही, इमारतीचेही होते.

आगीचा प्रश्न सर्वांत नाजूक. जाड लाकडी तुळई पेटली, तर तिचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे पाऊण मिलिमीटर या संथ गतीने कोळशात रूपांतरित होतो आणि तो कोळसाच आतील गाभ्याचे काही काळ रक्षण करतो, हे शास्त्रीय सत्य आहे. परंतु लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे दगावली, तेव्हा ब्रिटिश जनमत शास्त्रीय बारकावे ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ती इमारत काँक्रीटची होती; आग पसरली ती नूतनीकरणात बाहेरून बसविलेल्या, प्लॅस्टिकचा थर असलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमुळे. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये अठरा मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यास जी बंदी आली, तिच्यात लाकडी भिंतीही सापडल्या. लाकडाच्या पुरस्कर्त्यांना हा अन्याय वाटला. तो काही अंशी अन्याय होताही. मात्र एक गोष्ट त्यांनीही नजरेआड करू नये. ग्रेनफेल चौकशीच्या सप्टेंबर २०२४ मधील अंतिम अहवालाने दोष दिला तो साहित्याच्या उत्पादकांपासून देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेपर्यंत साऱ्या साखळीला. जेथे तपासणीवरचा विश्वासच उडाला आहे, तेथे निर्दोष साहित्यही संशयास्पद ठरते. लाकडी इमारतीला समाजाची मान्यता हवी असेल, तर तिला आधी विश्वासार्ह तपासनीस मिळवून द्यावे लागतील.

स्वयंचलित खिडक्यांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रॅगर या संशोधकांनी १९९८ मध्ये अनेक देशांतील इमारतींच्या पाहणीतून दाखवून दिले की, जेथे माणसाला स्वतः खिडकी उघडता येते तेथे तो अधिक उष्मा सहज सहन करतो. म्हणजे नैसर्गिक वायुवीजनाचे निम्मे सुख हवेत आहे आणि निम्मे आपल्या हाती असलेल्या कडीत. यंत्राने खिडकी माणसाच्या हातून पूर्णपणे काढून घेतली, तर ज्या सहनशीलतेवर ही सारी योजना उभी आहे, तीच नाहीशी होते. बाहेर रस्त्यावर गोंगाट चालू असताना खिडकी आपोआप उघडली, की आतली माणसे प्रथम चिडतात, मग ती यंत्रणा बंद करण्याची खटपट करतात. शेवटी खिडक्या कायमच्या मिटतात आणि भिंतीवर वातानुकूलन यंत्र येते. यंत्राने सुचवावे, माणसाला ते मोडता यावे, आणि काही वेळाने यंत्राने पुन्हा आपले काम हाती घ्यावे, अशी व्यवस्था केली तरच हे टळते.

हा सारा विचार भारताला परका राहिलेला नाही. जंगलतोडीला आळा घालण्यासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासून आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर जी बंदी घातली होती, ती २०२० मध्ये उठविण्यात आली. जंगलाचे लाकूड तोडण्याऐवजी शेताच्या बांधावर आणि खासगी जमिनीवर वाढविलेली झाडे वापरावीत, हा त्यामागील विचार योग्य आहे. हरयाणातील यमुनानगरचा प्लायवूड उद्योग शेतकऱ्यांच्या पॉप्लर आणि निलगिरीवर चालतो, हे त्याचे चांगले उदाहरण होय. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरील बांबू कायद्याने 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आला, त्यामुळे कोकणातील आणि विदर्भातील बांबू उत्पादकांचाही मार्ग काहीसा मोकळा झाला. २०१९ च्या राष्ट्रीय शीतलीकरण आराखड्याने २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी वीस ते पंचवीस टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने, भारतीय माणसाला नैसर्गिक हवेच्या इमारतीत किती तापमान सुखावह वाटते, याचे भारतातील पाहणीवर आधारलेले प्रमाणही स्वीकारले आहे. पाया असा घातला गेला आहे.

मात्र सिॲटल किंवा लंडन येथील नमुना जसाच्या तसा उचलणे धोक्याचे ठरेल. रात्रीच्या हवेने इमारत थंड करावयाची, तर दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर हवे. पुण्यात एप्रिल महिन्यात ते पंधरा अंशांहून अधिक असते; मुंबईत सात-आठ अंशच, आणि वर दमट हवा. म्हणून देशावर जे साधेल ते किनाऱ्यावर साधेलच असे नाही. शिवाय लाकूड हलके असल्यामुळे ते रात्रीचा गारवा दगडाइतका साठवू शकत नाही. बुलिट सेंटरमध्येही लाकडी जमिनींवर काँक्रीटचा थर घालावा लागला, तो याच गरजेपोटी. धूळ, डास आणि वाळवी या तीन भारतीय वास्तवांचा विचार युरोपातील आराखड्यांत फारसा नसतो. डासांची जाळी लावली की वारा कमी होतो. ती धुळीने भरली की आणखी कमी होतो. हिवाळ्यातील दिल्लीसारख्या शहरात तर खिडकी उघडणे हेच कित्येक दिवस अपायकारक असते, तेव्हा तेथील उपकरणांना धुळीचे प्रमाणही मोजावे लागेल.

या सर्वांहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती मुंबईकरांना नित्य दिसते. काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलची इमारत १८६० नंतरच्या दशकात उभी राहिली, ती इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्याचे भाग जहाजातून आणून व येथे जोडून. कारखान्यात बनविलेल्या इमारतीचा तो त्या काळातील अत्यंत प्रगत नमुना होता. पुढे तिचे गाळे पडले, मालक आणि भाडेकरू यांच्यात दुरुस्तीचा वाद वर्षानुवर्षे चालला, २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला, आणि २०१९ मध्ये ती पाडून टाकावी काय, असा प्रश्न उभा राहिला. त्या लोखंडात दोष नव्हता, जोडणीतही नव्हता. दुरुस्ती कोणी करावयाची, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. जो समाज लोखंडाची निगा राखू शकत नाही, त्याने लाकडाची निगा राखण्याचे वचन देताना दोनदा विचार करावयास हवा.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते फारसे खर्चिकही नाहीत. सरकारी पैशातून लाकडी किंवा तयार भागांची इमारत बांधावयाची असेल, तर बांधकामाच्या निविदेतच पुढील किमान तीस वर्षांच्या देखभालीचा खर्च दाखविणे सक्तीचे करावे आणि ती रक्कम वेगळी राखून ठेवावी. गळती, ओल आणि वाळवी यांची दरवर्षी तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल सर्वांना पाहावयास मिळावा. प्रत्येक खिडकी हाताने उघडता येईल, तिची मोटर स्थानिक वायरमनला बदलता येईल, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील, अशी अट घालावी. वर्गातील तापमान व कार्बन डायऑक्साइड यांची नोंद निदान पाच वर्षे प्रसिद्ध करावी, म्हणजे इमारतीच्या जाहिरातीची आणि तिच्या वर्तनाची तुलना करता येईल. जे लाकूड वापरले, ते कोठून आले आणि तेथे पुन्हा लागवड झाली की नाही, हेही त्याच नोंदीत असावे. प्रारंभी अशा दोन-चार शाळा पठारावर आणि दोन-चार किनाऱ्यावर बांधून त्यांचे काही उन्हाळे व पावसाळे पाहावेत. मगच धोरण ठरवावे.

आपल्याकडे अंदाजपत्रकात नवीन बांधकामाला पैसा मिळतो, कोनशिला बसते, उद्घाटन होते. डागडुजीचा पैसा मात्र पहिल्या काटकसरीतच कापला जातो. ही सवय सुटली नाही, तर लाकूड, काँक्रीट की लोखंड, हा वाद निरर्थक आहे. सिॲटलच्या त्या इमारतीला अडीचशे वर्षांतील पहिली तेरा वर्षे आता पुरी होत आली आहेत किंवा झाली आहेत. तिचे कर्ते तिच्याविषयी काय म्हणतात याला आज फारसे महत्त्व नाही. तिच्या खिडक्या तिसाव्या वर्षी उघडतात की नाही, आणि उघडत नसल्या तर त्या दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावर आहे, याची नोंद कोठे तरी झालेली असली म्हणजे पुरे. भारतात लाकडी शाळा बांधावयास निघालेल्या प्रत्येक सरकारी खात्याने पहिली वीट रचण्यापूर्वी, किंवा पहिली तुळई उचलण्यापूर्वी, ते नाव लिहून ठेवावे.